काठी, नारळ आणि गेटपास

शब्दाचा अर्थ वाक्यावाचून ठरत नाही, हे आपण वर्गात पहिल्या सत्रातच सांगून टाकतो. विमानतळावरील सुरक्षा तपासणीत मात्र नेमके उलट घडते. तेथे प्रत्येक वस्तू तिच्या वाक्यातून तोडून वाचली जाते. म्हाताऱ्याच्या हातातली आधाराची काठी विमानात जाते. तशाच उंचीचा, तितक्याच वजनाचा ट्रेकिंग पोल केबिन बॅगेतून बाहेर काढला जातो. केबिनमध्ये न्यायला मनाई असलेल्या क्रीडासाहित्याच्या सरकारी यादीत क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक आणि स्की पोल एका रांगेत बसलेले आहेत. आईस-अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन यांच्याविषयी तर वादच संभवत नाही. पोलादी टोकाला हेतू विचारण्यात अर्थ नसतो.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाटतो त्याहून अधिक जणांचा आहे. शनिवार-रविवारी लोहगड-विसापूर किंवा राजमाची गाठणाऱ्यांत या कारखान्यांतली मंडळी पुष्कळ, आणि त्यांतली काही पुढे हिमालयाच्या वाटेला लागतात. (चाकणला विमानतळ होणार, हे ऐकत एक पिढी नोकरीतून निवृत्त झाली, २०१६ पासून ती चर्चा पुरंदरला गेली आणि प्रवास लोहगावहूनच होत राहिला.) देशांतर्गत विमानात सर्वसाधारणपणे पंधरा किलो सामान चेक-इनला आणि सात किलो हाताशी. हाताशी काय ठेवायचे, तर जे हरवून चालणार नाही ते. बूट लेहच्या बाजारातही मिळेल, पण महिनोन्‌महिने पायाला बसवलेला बूट मिळणार नाही. म्हणून जाणते लोक बूट पायातच घालून निघतात. हेडलॅम्प आणि उबदार जाकीट जवळ ठेवतात. पॉवर बँक तर केबिनमध्येच न्यावी लागते, चेक-इनमध्ये ती चालत नाही. गॅस कॅनिस्टर दोन्हीकडे वर्ज्य. तो मुक्कामी पोचल्यावर विकत घ्यावा.

इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण मधल्या वस्तूंची: कॅराबिनर, दोर, तंबूच्या खुंट्या. त्यांचा निर्णय तपासणाऱ्याच्या वाचनावर सोपवलेला असतो. एकाला जे गिर्यारोहण दिसते, ते दुसऱ्याला धातूचा जड कडा दिसते. समीक्षेत वाचकाला एवढे स्वातंत्र्य आपण आनंदाने देतो. फरक इतकाच की तिथे लेखकाचे विमान सुटत नाही.

आता कोणी म्हणेल, सुरक्षेला संदर्भ परवडत नाही. पण व्यवस्थेने संदर्भ मानल्याची उदाहरणे आहेत. सहा इंचांहून लांब पाते नसलेले आणि एकूण नऊ इंचांच्या आतले कृपाण शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात बाळगता येते. २०२२ साली हे लेखी स्पष्ट करण्यात आले. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातच्या सामानात नेण्याची मुभा २०२४ च्या ऑक्टोबरात दिली गेली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच्या मुदतीने. नारळ तोच होता, त्याच्याभोवतीचे वाक्य वाचले गेले. ही मुभा योग्यच होती, असे माझे मत आहे.

गिर्यारोहकांनी मात्र अशी सवलत मागू नये. डोंगर चढणे ही श्रद्धा नव्हे, आणि केबिनमध्ये क्रॅम्पॉन असण्याची गरज कोणालाच नसते. त्यांनी मागायची गोष्ट निराळी आहे, आणि ती चाकणच्या कोणत्याही कारखान्याच्या दारावरच्या चौकीत पाहायला मिळते. तिथेही पहारा कडक असतो. हत्यार, साचा, मोजमापाचे उपकरण, काहीही कागदाशिवाय आतबाहेर होत नाही. पण त्या कागदाचे दोन प्रकार असतात: परत यायच्या वस्तूचा गेटपास आणि परत न यायच्या वस्तूचा. अडवलेली वस्तू कोणाची, कुठे आहे, कधी परतायची, याची नोंद होते. विमानतळावर वेळ हाताशी असेल तर मागे फिरून वस्तू चेक-इनला देता येते. नसेल तर ती तिथल्या पेटीत पडते आणि तिचा मालक पुढे निघून जातो. म्हणजे त्या दारावर परत न यायच्या वस्तूचाच गेटपास आहे, तोही कागदाविना. नाममात्र शुल्क घेऊन, पावती देऊन, परतीच्या दिवसापर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याची सोय केली, तर एकाही नियमाचा शब्द बदलावा लागणार नाही. पोल अडवणारा जवान तेव्हाही तो अडवीलच. फक्त पावतीवर परतीची तारीख लिहील.