निर्बंध म्हणजे बिनरक्ताचे युद्ध नव्हे

मागच्या वर्षी नानींच्या ऑपरेशनसाठी मामूंनी शारजाहून पैसे पाठवले. एरवी दोन दिवसांत येणारी रक्कम नऊ दिवस आली नाही. बँकेत चौकशी केली की उत्तर एकच, “तपासणी चालू आहे.” मामूंचा पासपोर्ट आणि पगाराचा दाखला मागितला गेला तेव्हा कळले की त्यांचे नाव अमेरिकेच्या निर्बंध यादीतल्या कुणाशी तरी मिळतेजुळते आहे. मामू तीस वर्षे एका गोदामात हिशेब लिहितात.

मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पहिल्या नोकरीत दोन वर्षे मी हेच काम केले होते. पैसे पाठवणाऱ्याचे नाव अशा याद्यांशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. मोहम्मद हे नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते, म्हणून प्रोग्रॅम नेमके नाव शोधत नाही, साधारण सारखे नाव शोधतो. किती टक्के सारखे असले की संशयित, हा आकडा माणसे ठरवतात. तो खाली आणला की निरपराध अडकतात. वर नेला आणि एखादा खरा सुटला तर बँकेवर कारवाई. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाशी संबंधित व्यवहारांसाठी अमेरिकेत सुमारे ९ अब्ज डॉलर भरावे लागले. हे पाहिलेली कोणती बँक तो आकडा वर नेईल? चुकून अडकवलेल्या मोहम्मदसाठी मात्र कुणालाच दंड नाही.

आमचे नऊ दिवस गेले, नानींचे ऑपरेशन उसनवारीवर झाले. हेच यंत्र अख्ख्या देशावर चालवले तर काय होते? १९९० ते २००३ इराकवर निर्बंध होते. बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे प्रमुख असलेले डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये राजीनामा दिला. दोघांची तक्रार एकच होती : या निर्बंधांची शिक्षा सामान्य इराकी माणूस भोगतो आहे. सद्दाम हुसेन मात्र सत्तेवरच राहिले आणि अखेर त्यांना हटवायला युद्धच करावे लागले. मग त्या तेरा वर्षांतून साधले काय?

निर्बंधांचे समर्थक म्हणतात, “अन्न आणि औषधांना सूट असते.” कागदावर असते. पण औषध कंपनीला पैसे बँकेतूनच मिळतात आणि बँक दंडाला घाबरून तो व्यवहारच नाकारते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. तीनच दिवसांनी अमेरिकेला सीरियातील मदतकार्यासाठी १८० दिवसांचा वेगळा परवाना काढावा लागला. आधीची सूट पुरेशी होती, तर ढिगाऱ्याखाली माणसे असताना नवा परवाना कशाला?

आता आपल्या सरकारकडे पाहू. मे २०१८ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्पष्ट सांगितले होते की भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाचे नाही. एका वर्षात, मे २०१९ मध्ये, आपण इराणी तेल घेणे बंद केले. वास्तविक आपल्याकडे मार्ग होता. यूको बँकेतल्या रुपयांच्या खात्यातून त्या तेलाच्या किमतीचा काही भाग चुकता होत असे आणि त्याच रुपयांतून इराण आपला बासमती, चहा, सोयापेंड घेत असे. तेल थांबले तसे ते खातेही आटत गेले. हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही, सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्या-विदर्भाचाही आहे.

“पण रशियाचे तेल आपण घेतलेच ना?” घेतले. २०२२ नंतर भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास गेला. पण तेव्हा दर भडकू नयेत म्हणून ते तेल बाजारात यावे ही अमेरिकेचीही गरज होती. गरज बदलली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच तेलासाठी आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लागले. ज्या स्वातंत्र्याची मुदत दुसऱ्याच्या सोयीने ठरते, त्याला स्वतंत्र परराष्ट्र धोरण कसे म्हणावे?

एक अवघड प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. आपल्यापैकी अनेक जण इस्रायलवर निर्बंध मागतात. मीही मागतो. मग इराकसाठी एक न्याय आणि इस्रायलसाठी दुसरा, असे आहे का? नाही. १९४६ मध्ये भारताने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला शस्त्रे विकण्यावर सक्तीची बंदी घातली. अत्याचार करणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढून घेणे वेगळे आणि त्याच्या प्रजेच्या ताटातली भाकरी काढून घेणे वेगळे. कसोटी हीच हवी आणि ती सर्वांना लागू हवी. इराकवरचे निर्बंध संयुक्त राष्ट्रांचे होते, म्हणून ते न्याय्य ठरत नाहीत. २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी करणारे सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त मुस्लिम देश होते, म्हणून ती माफ होत नाही. गाझाची नाकेबंदी चूक, तर हीही चूकच.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. अन्न, औषधे आणि उपचारांचा पैसा अडवणारे निर्बंध, ते कुणाचेही असोत, भारत पाळणार नाही, असा कायदा संसदेने करावा. रुपयातून व्यवहाराची सोय संकट आल्यावर शोधू नये, कायम चालू ठेवावी. नाव जुळल्यामुळे पैसे अडवले तर कारण लेखी मिळावे, ठरलेल्या दिवसांत निकाल लागावा आणि चूक बँकेची असेल तर भरपाई मिळावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा.

आणि माझ्या व्यवसायातल्या मित्रांनो, तो टक्क्यांचा आकडा कुणीतरी आपल्याच खोलीत बसून टाईप करतो. त्या वेळी मी विचारले नव्हते की पलीकडे कोण अडकेल. उत्तर माझ्याच घरातून आले. तुम्ही तरी आधी विचारा.