यंत्राचे कान

यंत्राला बोलता येते याचे मला कधीच नवल वाटले नाही. एडिसनसाहेबांनी १८७७ साली फोनोग्राफ बोलका केला आणि तेव्हापासून यंत्रे बोलतच आहेत. बोलणे ही मुळी फारशी अवघड कला नव्हेच; आमच्या धंद्यात तर घंटा होईपर्यंत ती कोणालाही साधते. अवघड आहे ते ऐकणे. समोरच्या बाकावरचा विद्यार्थी ऐकतो आहे की नुसता आपल्याकडे पाहतो आहे, हे वीस वर्षे शिकवूनही मला ओळखता येत नाही. म्हणून यंत्र ऐकू लागले, आणि ऐकून लिहूही लागले, तेव्हा मात्र मी चष्मा पुसून पाहिले.

हे यंत्राला शिकवले कोणी? पुष्कळांनी. पण त्यांतल्या एका गृहस्थांचे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक असायला हवे होते, ते नाही. आंध्रातील श्रीकालहस्तीजवळ कातूर नावाचे खेडे आहे. तिथे १९३७ साली राज रेड्डी जन्मले. कॉलेजात जाणारे घरातले ते पहिलेच. मद्रासजवळच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतली, मग ऑस्ट्रेलिया, मग अमेरिका. १९६६ साली स्टॅनफर्डची डॉक्टरेट. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर लोखंड. त्या लोखंडाला माणसाचे बोलणे कळावे हा ध्यास या गृहस्थांनी घेतला आणि पुढची कित्येक दशके सोडला नाही.

तोवरची प्रगती ऐकण्यासारखी आहे. बेल प्रयोगशाळेने १९५२ साली ‘ऑड्री’ नावाचे यंत्र केले. पुरुषभर उंचीच्या या बाईसाहेबांना शून्यापासून नवापर्यंतचे आकडे ऐकू येत, तेही ओळखीच्या आवाजात. १९६२ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने ‘शूबॉक्स’ मांडला. त्याला सोळा शब्द कळत. आमच्या शेजारच्या पोपटाला याहून अधिक कळतात. आणि १९६९ साली, रेड्डी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रुजू झाले त्याच वर्षी, जॉन पिअर्स नावाच्या बड्या शास्त्रज्ञांनी (‘ट्रान्झिस्टर’ हे नाव ठेवणारे ते हेच) जाहीर पत्र लिहून सांगितले की, हा सगळा उद्योग समुद्रातून सोने काढण्यापैकी आहे. आपल्या आयुष्याच्या कामाविषयी असे छापून आलेले वाचल्यावर माणूस एक तर काम सोडतो, नाही तर दार लावून घेऊन कामाला बसतो. रेड्डी कामाला बसले.

त्यांची पहिली युक्ती मला फार आवडते. १९७३ च्या सुमारास त्यांच्या यंत्राशी तोंडाने बोलून बुद्धिबळ खेळता येऊ लागले. यंत्राचे कान काही एका रात्रीत सुधारले नव्हते. पण त्याला पट दिसत होता. या घडीला कोणती खेळी नियमात बसते हे ठाऊक असल्यामुळे, अर्धवट ऐकू आलेल्या शब्दाचा उरलेला अर्धा ते ताडत असे. आपण तरी दुसरे काय करतो? लग्नाच्या पंगतीत वाजंत्री जोरात असते, वाढप्याचा एक शब्द धड कानावर येत नाही. पण त्याच्या हातात झारी दिसली की ‘मठ्ठा?’ असेच तो विचारतो आहे हे आपल्याला ‘ऐकू’ येते. आपण निम्मे कानाने ऐकतो आणि निम्मे अनुभवाने. १९७६ साली रेड्डींच्या शिष्यांनी ‘हार्पी’ नावाचे यंत्र पुरे केले. त्याला १,०११ शब्द कळत. समुद्रातून चिमूटभर सोने निघाले.

पण खरी कलाटणी आली ती निराळ्याच वाटेने, आणि ती हकीकत वाङ्मयाच्या मास्तराने नीट ऐकावी अशी आहे. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनचे ‘येवगेनी ओनेगिन’ पुढ्यात घेतले आणि त्यातली २०,००० अक्षरे हाताने मोजली. स्वर ८,६३८, व्यंजने ११,३६२. स्वरामागून पुन्हा स्वर येण्याचा संभव किती, व्यंजन येण्याचा किती, याचा त्याने हिशेब मांडला. काव्याकडे असे पाहणारा प्राध्यापक आमच्या विभागात असता, तर त्याला सक्तीच्या विश्रांतीवर पाठवण्यात आले असते. पण या हिशेबातून वाढलेले गणित घेऊन रेड्डींचेच एक विद्यार्थी, जेम्स बेकर यांनी १९७५ साली यंत्राला ऐकायला बसवले. व्याकरण शिकवायचे नाही, वर्णांची उच्चारस्थाने घोकवायची नाहीत. लोकांचे बोलणे भरपूर ऐकवायचे, आणि कोणत्या ध्वनीमागे कोणता शब्द दडलेला असण्याचा संभव अधिक, हे मोजत राहायचे.

आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांनी त्याच सुमारास हीच वाट धरली होती. विभागातून एक भाषातज्ज्ञ कमी झाला की यंत्राचे कान तेवढे तीक्ष्ण होतात, अशा अर्थाचे एक विधान त्यांच्या नावावर सांगतात. भाषेवरच पोट असलेल्या माणसाला हे वाचून कसे वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

बेकर आणि त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी १९८२ साली ‘ड्रॅगन’ ही स्वतःची कंपनी काढली. प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलावे लागे असे त्यांचे यंत्र १९९० साली बाजारात आले, आणि सलग बोलणे टिपणारे १९९७ साली. पुढे २००० साली त्यांनी कंपनी एका बेल्जियन मंडळीला विकली, मोबदल्यात त्यांचे शेअर घेतले. आणि त्या मंडळींचे हिशेब खोटे निघून वर्षाच्या आतच दिवाळे वाजले. अक्षराअक्षराचा संभव मोजणाऱ्यांना हा एक संभव मोजता आला नाही. रेड्डींचे दुसरे शिष्य काई-फू ली यांनी १९८८ साली ‘स्फिंक्स’ केले. त्याला कोणाही अनोळखी माणसाचे इंग्रजी बोलणे कळू लागले. १९९४ साली रेड्डींना संगणकशास्त्रातले सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आपल्या मराठीला हे कान २०१७ साली लाभले. त्या वर्षी गुगलने मोबाइलमध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली. आणि मराठी कानाला सोपी नाही, बरे का! ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’, यांतले दोन ‘जग’ म्हणून पाहा. जीभ दोन निरनिराळ्या जागी लागते, लेखणी मात्र एकच ‘ज’ लिहिते. ‘चार आंबे’ आणि ‘गाईला गवत चार’, तीच गत. परक्या माणसाला हे शिकवताना आम्हा मास्तरांची दमछाक होते. यंत्राला कोणी शिकवले नाही. त्याने ऐकले आणि मोजले.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी सोलापूरकडच्या. शाळा दुसरीत सुटली. लिहिणे त्यांना नकोसे वाटते. पण मोबाइल तोंडाशी धरून त्या हवा तो अभंग मागतात आणि यंत्र तो लावते. एकदा त्या ‘पानी कवा येनार’ म्हणाल्या आणि पडद्यावर उमटले ‘पाणी केव्हा येणार’. ज्या ‘न’ आणि ‘ण’ साठी मी वर्षानुवर्षे लाल शाई आटवली, ते काम यंत्राने न रागावता केले. रेड्डींना हेच हवे होते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही यंत्राकडे हक्काने काही मागता यावे, यासाठी ते पुढे खेड्यांतल्या लोकांकरिता साधे संगणक करण्याच्या खटपटीत राहिले.

पण दुसऱ्याच दिवशी मावशींनी माझ्या पत्नीला निरोप धाडला : ‘ताई, आज कोरड्यास काय करू?’ आमच्या हाती पडले : ‘ताई, आज कोरडा श्वास काय करू?’ एखाद्या नवकवीने ही ओळ आनंदाने आपली म्हटली असती. आम्ही हसलो, मावशी हसल्या नाहीत. ‘माझंच बोलनं वंगाळ असंल,’ म्हणाल्या, आणि तेव्हापासून यंत्रापुढे त्या ‘भाजी’ म्हणतात.

हे मला सलते. चूक यंत्राच्या मोजदादीची होती. ज्यांचे बोलणे त्याने भरपूर ऐकले, त्यांचे शब्द त्याला संभवनीय वाटतात. ‘कोरड्यास’ त्याच्या कानावर पुरेसा पडलाच नव्हता. मास्तर चुकला तर विद्यार्थी निदान मागच्या बाकावरून कुजबुजतो. यंत्रापुढे माणूस मुकाट्याने आपला शब्द बदलतो, आणि त्यामुळे तो शब्द त्याच्या कानावर पुढेही पडत नाही.

२०२२ साली भारत सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात ‘भाषादान’ म्हणून एक सोय आहे : पडद्यावर वाक्य येते, ते आपल्या आवाजात वाचून द्यायचे. मी माझ्या वर्गातल्या लातूर, सोलापूर, सिंधुदुर्गकडच्या मुलांना तासानंतर थांबवून घेतले. सारी एरवी जिन्यात मोठमोठ्याने बोलणारी. मोबाइल पुढे धरताच जो तो आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखा वाचू लागला. ‘र्‍हस्व-दीर्घ’ सुद्धा जपत होते! शेवटी लातूरकडचा एक मुलगा अडला.

‘सर, हितं ‘पाणी’ लिव्हलंय. काय म्हणू?’

‘घरी काय म्हणतोस?’

त्याने आधी मित्रांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘पानी.’

‘मग तेच म्हण.’

त्याने म्हटले. पुढच्या वाक्यात ‘लोणी’ होते.