चिखल तुडवल्याचे सर्टिफिकेट

मुळशी-मावळात हल्ली शनिवार-रविवारी मातीच्या घरांच्या कार्यशाळेत चिखल तुडवायला माणसे पैसे मोजतात. वर सर्टिफिकेटही मिळते. मला चिखलाचे वावडे नाही, त्याच्याआधी येऊन गेलेल्या जेसीबीचे आहे. डोंगराचा उतार कापायचा, ओहोळ बुजवायचा, सपाट केलेल्या प्लॉटवर मातीच्या भिंती उभारायच्या आणि त्याला ‘निसर्गाशी एकरूप घर’ म्हणायचे! निसर्गाला आधी विचारले होते का?

कोकणातला गवंडी जांभ्याचे जोते उंच घेतो, कारण पागोळ्यांचे पाणी उसळून भिंतीचा पाया खाते. छप्पर उतरते ठेवतो, पुढे पडवी काढतो. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून तिथे सपाट माळवद. तेच माळवद मावळात घातलेत तर आषाढातच अंगावर येईल. माती दोन्हीकडे आहे, अक्कल जागेची आहे. ती दोन दिवसांत पायांना चिखल लावून येत नाही.

दुसरी जमात ‘माती म्हणजे किल्लारी’ म्हणणाऱ्यांची. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे गाडली गेली ती जाड दगडी भिंतींखाली. भिंतीचे आतले-बाहेरचे थर सांधणारे लांब दगड नव्हते, आणि माथ्यावर वर्षानुवर्षे वाढत गेलेला मातीचा बोजा होता. दोष बांधणीचा होता. मातीची घरे भूकंपात कशी टिकवावीत याचे भारतीय मानक, आयएस 13827, त्याच 1993 सालचे. ते किती इंजिनिअरांनी उघडून पाहिले असेल?

सरकारचा न्याय तर त्याहून भारी. 2011च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत मातीची भिंत सरसकट ‘कच्ची’. मग ती तीन पिढ्या उभी असली तरी! गावकरी ती पाडून तापणारा स्लॅब घालतो. शहरी पाहुणा शेजारीच मातीचा बंगला बांधतो. आणि दोन्हीकडे राबणारा गवंडी एकच, रोजंदारीवर.

कार्यशाळा घ्यायचीच तर भर पावसात घ्या. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे मुरते ते प्लॉटवर उभे राहून बघा. शिकवायला त्या गवंड्याला बोलवा आणि त्याला मजुरी नव्हे, मानधन द्या. ‘इथे घर नको’ असे तो म्हणाला, तर प्लॉट सोडायची तयारी ठेवा. ती नसेल तर खुशाल सिमेंटचा बंगला ठोका. डोंगर तसाही कापलाच आहे, निदान ढोंग तरी वाचेल.