किल्ल्या मिळाल्या, सोसायटी कुठाय?

पुण्याच्या कुठल्याही नव्या मोठ्या गृहसंकुलात एक दिवस हमखास साजरा होतो. बिल्डरनं नेमलेली मेंटेनन्स कंपनी जाते आणि रहिवाशांची निवडून आलेली कमिटी कारभार हातात घेते. क्लबहाउसात पेढे वाटले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अखेर सोसायटी आपली झाली' असे मेसेज फिरतात. माझं म्हणणं असं, की बहुतेक ठिकाणी त्या दिवशी फक्त हाउसकीपिंगचं कंत्राट बदललेलं असतं.

आधी बघू, की हातात नक्की काय येतं. आमच्या संकुलात सहाशेच्या आसपास फ्लॅट आहेत. बिल्डरकडून मिळालं ते असं: किल्ल्यांचा जुडगा, व्हेंडरांची यादी, जेमतेम चालणारा एसटीपी आणि कॉर्पसचा एक आकडा. त्या आकड्याचा हिशोब मात्र मिळाला नाही. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन जमिनीखालून कुठून जातात त्याचे नकाशे नाहीत. लिफ्ट आणि जनरेटरच्या दुरुस्तीच्या नोंदी नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चार स्क्रीनचं एखादं फडतूस अ‍ॅप एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जातं तेव्हासुद्धा डॉक्युमेंट, पासवर्ड आणि माहीत असलेल्या बगांची यादी हातात पडल्याशिवाय कुणी 'मिळालं' म्हणत नाही. इथे शेकडो कोटींच्या इमारती सही करून ताब्यात घेतल्या जातात, आणि नकाशे कुठे आहेत असं विचारणारा माणूस सभेत खुसपट काढणारा ठरतो.

कायदा या बाबतीत तुमच्याआमच्यापेक्षा शहाणा आहे. 2016च्या रेरा कायद्यानुसार सोसायटीनं देखभाल हातात घेईपर्यंत वाजवी दरात सेवा पुरवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. नकाशे आणि कागदपत्रं सोपवणं हीसुद्धा त्याचीच. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर तो त्यानं फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. हे घड्याळ तुमच्या पेढ्यांची वाट बघत नाही. हस्तांतरापूर्वी बाहेरच्या इंजिनिअरकडून पूर्ण तपासणी करून घेतली नाही, तर गळक्या बेसमेंटचा खर्च पुढे तुमच्याच मेंटेनन्समधून होतो.

सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. मोफा कायदा 1963चा आहे आणि अभिहस्तांतरण करून देणं बिल्डरवर तेव्हापासून बंधनकारक आहे. बिल्डर ते करत नाहीत म्हणून 2008मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. बिल्डरनं सही दिली नाही तरी काम होऊ शकतं. तरीही जुन्या पुण्यामुंबईत अशा कितीतरी सोसायट्या आहेत जिथे रंग तीनदा बदलला आणि प्रॉपर्टी कार्डावरचं नाव एकदाही बदललं नाही. पुनर्विकासाची वेळ आली की हीच माणसं वकिलांच्या जिन्यावर दिसतात. नव्या टाउनशिपमध्ये गुंता आणखी वाढतो. रेराच्या महाराष्ट्रातल्या नियमांनुसार अनेक इमारतींच्या प्रकल्पात जमीन फेडरेशनच्या नावावर करायची मुदत शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रापासून मोजतात. म्हणजे शेवटची इमारत जितकी रेंगाळेल तितकी जमीन बिल्डरकडे राहील. यावर कमिटीच्या किती बैठका होतात? आमच्याकडे स्विमिंग पूलच्या वेळांवर जास्त झाल्या.

आता नेहमीचा युक्तिवाद. 'आपल्याला नोकऱ्या आहेत, वेळ कुणाला आहे? एखादी प्रोफेशनल एजन्सी नेमा आणि मोकळे व्हा.' यात तथ्य आहे. एसटीपी चालवणं हे हौशी माणसाचं काम नाही. बिल्डरची कंपनी निदान दिवे वेळेवर लावायची, आणि कमिट्यांमधली भांडणं मीही पाहिली आहेत. एजन्सी जरूर नेमा. पण एजन्सी पंप चालवेल. दहा वर्षांनी लिफ्ट बदलायला पैसे कुठून आणायचे, हे ती ठरवणार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जायला हवा. फ्लॅटचा बांधकाम खर्च तीस लाख धरला तर वर्षाला तीस हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार फक्त उद्यासाठी. हे सभेत मांडून बघा. 'मेंटेनन्स वाढवणार नाही' हे वचन देणारा पुढची निवडणूक जिंकतो, आणि लिफ्ट आपल्या वेगानं म्हातारी होत राहते.

आणि ही सभा कितीजणांची असते? उपविधींनुसार कोरम म्हणजे दोन तृतीयांश सदस्य किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तो. सहाशे फ्लॅटांच्या संकुलात वीस माणसं पुरतात. तेवढीही अर्ध्या तासात जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि मग कोरमशिवाय चालते. जे घरी बसून मॅच बघतात त्यांच्या वतीनं डझनभर लोक कोट्यवधींचं बजेट मंजूर करतात. पूर्वी बिल्डरचा माणूस करायचा तेच. फरक इतकाच, की आता तो सातव्या मजल्यावर राहतो.

मग मिळालेली सत्ता वापरली कुठे जाते? भाड्यानं राहणाऱ्या बॅचलर मुलामुलींच्या पाहुण्यांवर. कामवाल्या मावशींसाठी वेगळ्या लिफ्टवर. डिलिव्हरीवाल्या पोराला गेटवरच्या अ‍ॅपमध्ये तीनदा फोटो काढायला लावण्यात. बिल्डरच्या कंपनीला असली उठाठेव करायची हौस नव्हती. ज्याच्याशी लढायला हवं तो कोर्टात वकील उभा करू शकतो, म्हणून त्याच्याशी कमिटी नम्रपणे पत्रव्यवहार करते. सगळी मर्दुमकी अशांवर चालते ज्यांना सभेत मत नाही. आमच्या संकुलातले भाडेकरू, वॉचमन आणि मावशी दिवसाचे जितके तास तिथे घालवतात, तितके कित्येक मालक वर्षभरात घालवत नाहीत. मालक बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला बसून फक्त भाडं घेतो, आणि तरी मत त्याचंच.

तुमच्या सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र एकदा काढून बघा. फ्लॅटांच्या बहुतेक सहकारी सोसायट्यांचा उपवर्ग तिथे लिहिलेला असतो: भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था. इमारत आणि जमीन संस्थेची, आणि आपण सगळे तिचे भागीदार राहणारे. मुंबईत 1915 साली गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी राहिली ती याच विचारातून. श्रीपाद सुब्राव तालमकींसारख्या माणसांनी सहकार आणला, कारण मध्यमवर्गीय कुटुंबाला एकट्याला परवडणारं घर मिळत नव्हतं. आपण 'सहकारी' हा शब्द लेटरहेडवर ठेवला आणि वागायला लागलो हॉटेलच्या गिऱ्हाइकांसारखे. पैसे भरलेत, सेवा द्या, नाही तर मॅनेजरला बोलवा.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत चार प्रश्न लेखी विचारा. अभिहस्तांतरणाचा अर्ज कुठे आहे? नकाशे आणि वॉरंट्या कुणाकडे आहेत? कॉर्पसचं पासबुक प्रत्येक सदस्याला कधी बघायला मिळेल? दुरुस्ती निधी उपविधींप्रमाणे कधीपासून कापणार? पाचवा प्रश्न विषयपत्रिकेवर बसणार नाही, तरी विचारा: भाडेकरूंना सभेत निदान बोलू का देत नाही? उत्तरं मिळेपर्यंत उठू नका. वीसजण बसून राहिले तरी कोरम आहे.