पगाराला सवाब नाही का?

रमजान जवळ आला की देणगीदारांचे फोन वाढतात. त्यांच्या नियतीबद्दल मला शंका नाही. माझं भांडण त्यांच्या एका प्रश्नाशी आहे: "आमचे पैसे पगारावर तर जाणार नाहीत ना?" शिबिर घ्या, औषधं घ्या, मशीन घ्या, हवी तर गाडी घ्या, पगार तेवढा नको. जणू औषध धडगावहून आपल्या पायांनी पाड्यावर जातं.

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी करतो. नोकरीच म्हणतो. सेवा हा शब्द आमच्या क्षेत्रात बहुतेक वेळा पगाराचा विषय टाळण्यासाठी काढला जातो.

सिकलसेलचंच बघा. भिल्ल, पावरा, मावची समाजात हा रक्ताचा आजार आढळतो. शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते. स्वस्त असते, काही मिनिटांत निकाल येतो, फोटोही चांगला येतो. पण ती एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे कळायला पुढची तपासणी लागते. रुग्ण निघाला तर अनेकांना हायड्रॉक्सीयुरिया द्यावं लागतं, तेही रोज, वर्षानुवर्षं, अधूनमधून रक्त तपासत. इकडे दिवाळी झाली की तेच कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं. मग मुकादमाचा नंबर मिळवायचा, गोळ्या कशा पोहोचतील ते बघायचं, सासूला पटवायचं की दुखत नसलं तरी सून गोळी घेणार. हे सगळं पावरी बोलणारी आमची कार्यकर्ती करते. शिबिराच्या बॅनरला दाता मिळतो, हिच्या मानधनाला मिळत नाही.

सरकारचंही वेगळं नाही. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हा गाजला तो सात कोटी तपासण्यांचा आकडा. आशांना तर 2005 पासून स्वयंसेविका म्हणून राबवून घेतलं जातंय. कोविडच्या काळात, जून 2021 मध्ये, राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला.

"पगार म्हणजे प्रशासकीय खर्च", असं ऐकवणाऱ्यांनी कायदा तरी वाचावा. परदेशी देणग्यांच्या 2011 च्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात धरायचा नाही, असं स्पष्ट आहे. सीएसआरमधली 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तीत येत नाही.

आणि आपल्या लोकांनी सूरह तौबाची साठावी आयत आठवावी. जकातीच्या आठ हक्कदारांत जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत, गरीब असण्याची अट न घालता. आमच्या नर्सला त्या जागी बसवा असं मी म्हणत नाही. जकात मुसलमानांनाच द्यावी हे बहुतेक उलेमांचं मत आहे आणि आमचे बहुतेक रुग्ण आदिवासी आहेत, हेही मला ठाऊक आहे. तर मग नफिल सदका द्या, त्याला ते बंधन नाही. पण काम करणाऱ्याची मजुरी दानाच्या पैशातून देण्यात काही नापाक नाही, एवढं तरी त्या आयतीतून कळायला हरकत नव्हती. (मशिदीच्या मिनाराला लाखो आणि इमामाला अल्लाहचा भरोसा, हाही त्याच घरातला आजार. त्यावर पुन्हा कधी.)

"आपल्या माणसांसाठी काय करता?" हाही प्रश्न येतो. दवाखाना सगळ्यांना उघडा आहे. अक्कलकुव्याची मुसलमान बाईही तिथे येते आणि मोलगीची पावरा बाईही. दोघींना रक्तदाब तपासणारी नर्स एकच आहे.

गेल्या वर्षी आमच्या दोन कार्यकर्त्या सोडून गेल्या. एक सुरतेला कारखान्यात लागली, तिथे जास्त मिळतात. मी तिला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? तिच्या पाड्यांवरच्या रुग्णांची कार्डं आता कपाटात आहेत. नवी मुलगी मिळाली तरी लोक तिला घरात बसवून मोकळेपणी बोलायला सहा महिने जातात, आणि ती मिळालेली नाही. गाडी मात्र दारात उभी आहे, दात्याचं नाव दोन्ही बाजूंना रंगवलेलं. चालकाच्या पगाराची तरतूद त्या देणगीत नव्हती.