पंचगंगेचा तळही तपासा
पंचगंगेत मासे मेले की नमुन्याच्या बाटल्या भरण्याची धावपळ सुरू होते. बाटली त्या घटकेचे पाणी सांगते. दगडाखालच्या अळ्या महिनोन्महिन्यांचे. पंचगंगेच्या उगमाकडच्या दाजीपूर, गगनबावड्याच्या खळाळत्या ओढ्यांत प्राणवायू भरपूर, म्हणून तिथे नाजूक कीटकांच्या अळ्या तगतात. काठची झाडी तुटली, बॉक्साइट खाणीची लाल माती उतरली, की दगडांमधल्या फटी बुजतात आणि या अळ्या हटतात. खाली सांडपाण्यात उरतात त्या लाल अळ्या, हिमोग्लोबिनमुळे त्यांचे कमी प्राणवायूतही भागते. तळजीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेतच. राज्य मंडळाने शिवाजी विद्यापीठाला सोबत घेऊन कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या उगमापासून दरवर्षी ही मोजणी करावी आणि आकडे जाहीर करावेत.