'आमची' परीक्षा

"सध्या आमची परीक्षा चालू आहे ना, त्यामुळे कुठे येणंजाणं नाही." लग्नापासून बारशापर्यंत कुठल्याही आमंत्रणाला हल्ली हे उत्तर मिळतं. परीक्षा असते तिसरीतल्या चिरंजीवांची. मग पुढे "आमचं गणित जरा कच्चं आहे", "यंदा आम्ही स्कॉलरशिपला बसतोय" वगैरे. आधी या 'आम्ही'ची गंमत वाटायची, हल्ली काळजी वाटते.

पालकांनी लक्ष घालू नये असं मुळीच म्हणणं नाही. आपल्या लहानपणी कित्येक बाबांना मुलाची इयत्ता निकालाच्या दिवशीच कळायची! ते काही आदर्श नव्हतं. पण लक्ष घालणं वेगळं आणि मुलाच्या जागी स्वतः बसणं वेगळं. पुठ्ठ्याचा किल्ला रात्री बारापर्यंत आई कापते, बाबा रंगवतात, मूल झोपलेलं असतं. शाळेत शाबासकी त्याला मिळते. पण त्याला कळतं एवढंच की हे आपल्याला जमणारं नाही, मोठ्यांनाच जमतं.

गंमत म्हणजे जिथे 'आम्ही' म्हणायला हवं तिथे आपण नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च होतंय ते बघणं ही त्या समितीची कामं. म्हणजे स्वच्छतागृह नीट आहे का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पण सभेला जायचं म्हटलं की वेळ नसतो, आणि गेलोच तर आपल्या बाळाचा अर्धा मार्क का कापला यावर तावातावाने बोलतो.

आणि दुसरी जागा म्हणजे निकाल. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं 'नीट'ला बसली. देशात तेव्हा एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाहूनही कमी होत्या. म्हणजे साधारण वीसजणांत एकाला जागा. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला असता तरी बाकीचे एकोणीस बाहेरच राहिले असते. हा साधा हिशोब घराघरांतल्या मोठ्यांना येतो, पण क्लासची फी भरताना कोणी करत नाही. जागा मिळाली तर "आम्हाला मिळाली". नाही मिळाली की वाक्य बदलतं, "आम्ही सगळं केलं हो, त्यानेच अभ्यास केला नाही."

इतकी वर्षं सोबत असलेला 'आम्ही' नेमका त्या दिवशी घर सोडून जातो, आणि सतरा-अठरा वर्षांचं पोर एकटं पडतं. पेपर त्याचा त्याला लिहू द्यावा, चुकू द्यावा. पण निकालाच्या दिवशी मात्र त्याच्याशेजारी बसून "बरं, आता आपण काय करूया?" असं विचारावं. अपेक्षा ठेवायचा हक्क त्यानंतरचा, असं आपलं माझं मत.

बघा पटतंय का!